वस्तू जागेवर, मन कुठे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या मैंदर्गीत घरोघरी झाडलोट सुरू होते. शेतात रब्बीची ज्वारी उभी असते आणि घरात कुणी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसायच्या तयारीत असतो, कुणाची पौर्णिमेला गाणगापूरला जायची गाडी ठरलेली असते, कुणी अक्कलकोटला वटवृक्ष स्वामी मंदिरात डोके टेकवून येणार असतो. पोथीचे फडके धुतले जाते, देव चिंचेने घासून लख्ख होतात, माळ्यावरचा चौरंग खाली येतो. त्या चौरंगामागे वर्षभर दडलेले काय काय खाली येते ते विचारू नका. मोडक्या छत्र्या, बंद पडलेला रेडिओ, नातवाच्या पहिलीतल्या वह्या. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, टाकून द्या. दुसरा म्हणतो, असू द्या की, कधीतरी लागेल.

चार-आठ दिवसांत घर मोकळे दिसू लागते आणि मनालाही बरे वाटते. हे बरे वाटणे कुठून येते? आणि पौष लागेपर्यंत ते निघून का जाते? प्रश्न किरकोळ वाटेल. पण साठीनंतरच्या माणसाचा दिवस बघा, तो किरकोळ गोष्टींनीच भरलेला असतो. चष्मा, बीपीची गोळी, किल्ली, पासबुक, लाइटचे बिल. ह्या वेळेवर सापडल्या तर दिवस बरा जातो. नाही सापडल्या तर चहाच्या आधीच घरात आवाज चढतात, आणि मग पूजेला बसले तरी ओठांवर नाम आणि डोक्यात किल्ली, अशी गत होते. म्हणून ह्या अंकाच्या निमित्ताने ह्या विषयाचा थोडा नीट विचार करावा असे वाटले.

अवधूत देव आणि संसारी भक्त

सुरुवातीलाच एक अडचण आहे. आपण ज्याची जयंती करतो तो देव अवधूत. त्याला घर नाही, कपाट नाही, तिजोरी नाही. खांद्याला झोळी, आणि स्नान एका गावी, भिक्षा दुसऱ्या गावी, निद्रा तिसऱ्या गावी. भागवताच्या अकराव्या स्कंधात हा अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांत अजगर आहे, तो पुढ्यात येईल तेवढे घेतो. मधमाशी आहे, तिने साठवले आणि साठवल्यामुळेच तिचे गेले. साप आहे, तो स्वतःचे घर बांधतच नाही. अशा देवाच्या भक्ताने कपाटातल्या घड्या आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या ह्यांत जीव गुंतवायचा, हे विसंगत नाही का? वैराग्याच्या देवापुढे हा पसारा आवरण्याचा विषय काढायचाच कशाला?

उत्तर त्याच २४ गुरूंमध्ये आहे. त्यांतली एक आहे लग्नाच्या वयाची मुलगी. घरातली माणसे बाहेर गेलेली असताना तिला बघायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती भात कांडायला बसली तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरची ओढगस्त पाहुण्यांना कळेल म्हणून ती संकोचली आणि तिने एकेक बांगडी उतरवली. दोन-दोन राहिल्या तरी आवाज होईच, तेव्हा तिने प्रत्येक हातात एकच ठेवली. आवाज थांबला, कांडण चालू राहिले.

अवधूताने तिच्याकडून एकांताचा धडा घेतला, कारण तो संन्यासी. आपण संसारी, आपण तिचे हात बघावेत. तिने सगळ्या बांगड्या फेकल्या नाहीत आणि सगळ्या ठेवल्याही नाहीत. कामाला आणि शोभेला पुरेल तेवढे ठेवले, बाकीचे बाजूला केले. आणि हे केले ते कुणासाठी? दारी आलेल्या पाहुण्याला अवघड वाटू नये, घराची लाज राहावी म्हणून.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अवधूताची झोळी भरायला कुठले तरी घर लागतेच. दत्त महाराज माध्यान्हीला गाणगापुरी भिक्षेला येतात, ही आपली श्रद्धा आहे आणि तिथे आजही लोक माधुकरी वाढतात व मागतात. आता दारात भिक्षेकरी उभा आहे आणि घरात पिठाचा डबा सापडत नाही, सापडला तर त्याचे झाकण बसलेले निघत नाही, तोवर तो पुढच्या दारी गेला. देण्याची इच्छा होती, धान्यही होते, फक्त वेळेवर हाताला लागले नाही. अशा घराला श्रीमंत म्हणायचे की दरिद्री?

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. व्यवस्थितपणा हा ज्याची वस्तू त्याच्यासाठी नसतोच मुळी. ती वस्तू ज्याला पुढे लागणार आहे त्याच्यासाठी तो असतो. दारातला भिक्षेकरी असेल, घरातली बायको असेल, उद्याचा सून-मुलगा असेल, किंवा उद्याचा थकलेला आपणच असू. ह्या दुसऱ्याचा विचार ज्या आवरण्यात आहे त्यातून समाधान मिळते. ज्यात नाही, ते आवरणे म्हणजे नुसती हौस, नाहीतर नुसता जाच.

गरिबीचा आणि पसाऱ्याचा संबंध नाही

काही जण म्हणतील, मोठी घरे, मोठी कपाटे असणाऱ्यांच्या ह्या गोष्टी. तसे नाही. आपली जुनी माळवदाची घरे आठवा. भिंतीतच दिवळी, तिथे दिवा. खुंटीला पागोटे, कोनाड्यात विळा. शिंक्यावर दूध-दही, मांजराला पोचणार नाही असे. उतरंडीत खाली मोठे गाडगे, वर लहान, आणि कुठल्या गाडग्यात कुठली डाळ हे घरातल्या म्हातारीला अंधारातही ठाऊक. बळदात ज्वारी. वस्तू थोड्या होत्या आणि प्रत्येकीला जागा होती. आज वस्तू दसपट झाल्या, जागा मात्र एकच राहिली आहे, ती म्हणजे 'सध्या इथे ठेव'.

सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. एका खोलीचे घर, त्यातच चूल, पोरे, पाहुणे. पण मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने एका बाजूला, तंबाखू एका बाजूला, दोऱ्याचे रीळ हाताशी. बोलता बोलता हात चालतात, नजर सुपाकडे जातही नाही. ती मांडणी विस्कटली तर दिवसाची मजुरी बुडते. तिथे नीटनेटकेपणा शोभेचा नाही, पोटाचा आहे.

आणि ह्या महाराष्ट्रात ज्याच्याजवळ सगळ्यांत कमी वस्तू होत्या त्यानेच सगळ्यांत जास्त झाडले, हे आपण विसरू नये. संत गाडगेबाबा. जन्म १८७६ सालचा, देह ठेवला २० डिसेंबर १९५६ रोजी. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा, आणि एक गाडगे. गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लोकांची डोकी झाडायचे काम कीर्तनात, आणि त्याची सुरुवात सकाळी गटारापासून. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र झोपडीत राहिले. शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले ते त्यांच्याच नावाने. बाबा जे अंगण झाडत ते त्यांचे नव्हते. दुसऱ्याचे होते, आणि म्हणूनच त्या झाडण्याला पूजेचे मोल आले.

वहीने शिकवलेले

माझी सगळी नोकरी बँकेत, कारकुनीत गेली. आता सगळे कॉम्प्युटरवर आहे, पण आमच्या उमेदीत जाडजूड लेजर, डे बुक आणि व्हाउचरचे गठ्ठे होते. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशिअर जागचा उठत नसे. ज्या व्हाउचरचे खाते लगेच कळत नाही त्याची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची अशी पद्धत आहे. ते खाते वाईट नाही, गरजेचे आहे. पण त्याचा नियम असा की त्यातली प्रत्येक नोंद लवकरात लवकर तिच्या खऱ्या खात्यात गेली पाहिजे. सस्पेन्स फुगत चालले की तपासणीसाला वास येतो.

घरातही सस्पेन्स खाते असते. कुणाकडे ती टीव्हीजवळची खुर्ची, कुणाकडे फ्रिजचा माथा, कुणाकडे देवघराखालचा खण. 'नंतर बघू' म्हणून तिथे टाकलेल्या गोष्टी: लग्नाची पत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, विजेची पावती, कुणाला तरी परत द्यायची पिशवी. बघा, ह्यातली एकही वस्तू नुसती वस्तू नाही. प्रत्येकीच्या मागे एक न केलेले काम आहे. लग्नाला जायचे की नाही ठरलेले नाही. तपासणी पुढे ढकललेली आहे. पिशवी परत द्यायला जायचे म्हणजे त्या घराशी झालेला अबोला मोडावा लागणार. म्हणून तो ढीग डोळ्यांना खुपतो. पसारा आपल्याला टोचतो तो त्यातल्या ह्या अडलेल्या निर्णयांमुळे. ढीग उचलून दुसऱ्या खोलीत नेला तर खोली नीट दिसेल, निर्णय तसेच राहतील. वरवरच्या आवराआवरीचे सुख आठवड्यात का सरते, ह्याचे उत्तर मला वाटते इथे आहे.

दुसरी गोष्टही वहीचीच. हिशेब नीट ठेवल्याने उत्पन्न वाढत नाही, गळती कळते. तसाच हा व्यवस्थितपणा. किल्ली खिळ्याला सापडली म्हणून कुणी आनंदाने नाचत नाही. पण ती न सापडल्याने जी सकाळ नासते ती वाचते. जमेची बाजू भरायला भजन आहे, नातवंडे आहेत, शेजार आहे. नीटनेटकेपणा खर्चाची बाजू आटोक्यात ठेवतो, म्हणजे ह्या जमेचा उपभोग घेता येतो. त्याच्याकडून ह्याहून जास्त मागू नये, आणि त्याला ह्याहून कमीही लेखू नये.

पिनांची गोष्ट

पूर्वी नोटांची बंडले पिना मारून बांधत. शंभर नोटा, जाडजूड पिना, गठ्ठा कसा ठोकळ्यासारखा चौकोनी. बँकेच्या दृष्टीने व्यवस्था उत्तम, एक नोट निसटायची नाही. पण ज्याच्या हाती ते बंडल जाई तो बिचारा स्क्रू ड्रायव्हर, सुरी, जे मिळेल ते घेऊन बसे. पिना निघत, त्यांच्याबरोबर नोटांचे कोपरेही निघत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना पिना मारायला मनाई केली, तेव्हापासून कागदी पट्टी आली. पट्टी हलक्या हाताने निघते, नोट शाबूत राहते.

घर बांधून ठेवायच्याही ह्याच दोन तऱ्हा आहेत. काही घरे पिना मारलेली असतात. सगळे चौकोनी, पण हात लावायची सोय नाही. सोफ्यावर बसू नको, कव्हर चुरगळेल. खेळणी काढू नको, आत्ताच आवरले. सुनेने डबा इंचभर सरकवला तर सासूबाईंचा चेहरा बदलतो, आणि वर्तमानपत्राची घडी मोडली तर आजोबा दिवसभर बोलत नाहीत. ह्या घरांत वस्तू जागेवर आहेत, पण माणसे आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरतात. नातवंडे सुट्टीला यायची कमी होतात, आणि मग त्या निर्मळ सोफ्यावर बसायला कुणी उरत नाही. कागदी पट्टीचे घरही बांधलेलेच असते, पण गरज पडली की सुटते आणि पुन्हा बांधता येते.

ह्या बाबतीत गुरुचरित्राचा छत्तिसावा अध्याय पुन्हा लक्ष देऊन वाचावा. गृहस्थाचा आचारधर्म, पहाटे उठल्यापासूनची सगळी शिस्त, त्या आणि पुढच्या अध्यायात आली आहे. पण तिची सुरुवात कशी होते? एक नेमनिष्ठ ब्राह्मण, परान्न घ्यायचे नाही असा त्याचा नेम. त्याच्या बायकोला मात्र गावजेवणाला जावेसे वाटे. तिने श्रीगुरूंजवळ मन मोकळे केले. तेव्हा श्रीनृसिंहसरस्वतींनी त्यालाच बोलावून सांगितले की तिची इच्छा पुरव, तिच्याबरोबर जा. पुढे त्या जेवणात तिला जो विटाळलेला देखावा दिसला त्याने तीच विटली, ही गोष्ट वेगळी. पण नियम सांगणाऱ्या गुरूंनी आधी नियम बाजूला ठेवून एका बाईचे मन राखले आणि मग आचार सांगितला, हा क्रम आपण नजरेआड करतो. शिस्त घरावर लादून येत नाही. ती ज्याची त्याला पटावी लागते.

अक्कलकोटचेच उदाहरण घ्या. श्री स्वामी समर्थ १८५६ साली अक्कलकोटात आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. चोळप्पांच्या घराला त्यांचा सहवास लाभला. स्वामींचे वागणे कुठल्या वेळापत्रकात बसणारे नव्हते, आणि त्यांच्या मागे येणाऱ्या लोकांची रीघ वेगळीच. त्या घराची घडी रोज किती वेळा मोडली असेल, कल्पना करा. देव ज्या घरी राहायला येतो ते घर टापटीप राहत नाही. म्हणून पाहुणा, आजारी माणूस आणि लहान मूल ह्या तिघांपुढे घराच्या टापटिपीने मुकाट्याने बाजूला व्हावे.

तेरीज जुळते तरी वही चुकते

आता जरा अवघड विषय. बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे असे समजू नका. काही चुका अशा असतात की एक चूक दुसरीला झाकते, आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येते. त्यांना भरपाईच्या चुका म्हणत.

आपल्या पिढीतल्या कितीतरी 'व्यवस्थित' पुरुषांची वही अशीच जुळलेली आहे. सकाळी सातला टॉवेल बाथरूमच्या दारावर, साडेसातला चहा, आठला इस्त्रीचा शर्ट, रुमाल, पेन. रात्री गोळी तळहातावर आणि पाण्याचा पेला समोर. लोक म्हणतात, काय शिस्तीचा माणूस! पण ती शिस्त त्याची नाहीच. ती दुसऱ्या कुणाच्या तरी पायांची धावपळ आहे, जिची नोंद कुठल्याच खात्यात झाली नाही. एकाचा निष्काळजीपणा आणि दुसऱ्याचे जास्तीचे कष्ट, बेरीज जुळली. घर सुखी दिसले.

चूक उघडी पडते ती एक खाते कायमचे बंद झाल्यावर. बायको आधी गेली की पंचाहत्तरीच्या माणसाला साखरेचा डबा कुठला हे माहीत नसते, आपल्याला सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली हे माहीत नसते. नवरा आधी गेला तर उलट बाजू. तिला आयुष्यभराच्या ठेवी कुठल्या बँकेत, किती, हे ठाऊक नसते. 'ते सगळे हेच बघायचे' हे वाक्य काउंटरच्या अलीकडे बसून मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे की त्याची मोजदाद नाही. नवरा कागदपत्रांत वाघ होता, पण त्याची सगळी व्यवस्था त्याच्या डोक्यात होती, आणि ते डोके आता नव्हते.

म्हणून व्यवस्थितपणाची माझी कसोटी सोपी आहे. आपण आठ दिवस घरात नसलो तर आपली वस्तू दुसऱ्याला सापडेल का? आणि घरातले दुसरे माणूस आठ दिवस नसले तर आपले अडेल का? दोन्हींची उत्तरे बरी आली तर ते घर खरे व्यवस्थित.

समास सोडून लिहावे

हा विचार आपल्याकडे जुना आहे. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवात चक्क नीट कसे लिहावे ह्याने केली आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, दोन ओळींत अंतर सारखे असावे, हे तर आहेच. पण त्यातल्या दोन सूचना मला फार मोठ्या वाटतात. एक, तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. दुसरी, पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही.

लिहिणारा आज बसला आहे, डोळे तेज आहेत, कागद कोरा आहे. तरी त्याने उद्याच्या मंद डोळ्यांचा विचार करायचा आणि झडणाऱ्या कडांचाही. कागद टिकेल असा भ्रम समर्थांनी ठेवला नाही. झडणार हे धरूनच व्यवस्था सांगितली. आमच्यासारख्या सत्तरीकडे झुकलेल्यांनी हे मनावर घ्यावे. आपल्या कडा झडायला लागल्या आहेत, अक्षर वाचले पाहिजे.

ही काळजी केवळ आपल्या देशातली नाही. स्वीडनमध्ये मरणाआधी आपला पसारा आपणच हळूहळू आवरायचा अशी पद्धत आहे, आणि तिला त्यांच्या भाषेत शब्दही आहे. मार्गारेटा मॅग्नूसन नावाच्या बाईंनी त्यावर लिहिलेले पुस्तक २०१७ साली आले आणि जगभर गेले. आपल्याला त्यात दचकण्यासारखे काही नाही. वानप्रस्थ म्हणजे तरी काय? जंगलात जाणे आता होत नाही, पण कपाट हलके करणे होते. कुणाला काय द्यायचे ते आपल्या हाताने, चालते-बोलते असताना दिले तर देण्याचा आनंद आपला, घेणाऱ्याचा आशीर्वादही आपला. मागे ठेवून गेलो तर तो वाटणीचा विषय होतो.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, त्या बँकेत बसल्यामुळे मला पक्क्या माहीत आहेत. दहा वर्षे कुणी न मागितलेली ठेव बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते, २०१४ पासून ही व्यवस्था आहे. पैसे बुडत नाहीत, वारसांना मागता येतात, आणि अशा ठेवी शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचे संकेतस्थळही आहे. पण मुळात शोधायची वेळ का यावी? प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा, हेही घरात समजावून सांगा, त्यावरून भावाभावांत भांडणे होतात. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. आणि एक वही करा. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. खाती, ठेवी, विमा, शेताचे उतारे, कुणाचे देणे, कुणाकडून येणे, औषधे, डॉक्टर. मोठ्या अक्षरात, समास सोडून. आणि ती वही कुठे आहे हे दोघांना माहीत असू द्या. पिन नंबर, पासवर्ड मात्र त्यात लिहून ठेवू नका.

रिकामे आसन

शेवटी परत पोथीकडे येतो. गुरुचरित्राचे पारायण करताना वाचणाऱ्याच्या आसनाशिवाय आणखी एक आसन मांडून रिकामे ठेवण्याची प्रथा आहे. ते श्रीदत्तगुरूंसाठी. सबंध सप्ताहात त्यावर कुणी बसत नाही, कुणी पिशवी ठेवत नाही, कुणी चष्म्याचे घर ठेवत नाही. घरात किती गर्दी असली तरी ती जागा रिकामी राहते, आणि त्या रिकामेपणानेच खोली भरल्यासारखी वाटते.

सप्ताह संपला की आपण ते आसन गुंडाळून ठेवतो. माझी एवढीच विनंती आहे की त्याचा अर्थ मात्र गुंडाळून ठेवू नये. घरात एक जागा, दिवसात एक अर्धा तास, आणि मनात थोडा कोपरा असा रिकामा ठेवावा की कुणी आले तर बसवता येईल. रोज सांजवातीच्या आधी पाच मिनिटे घरातले सस्पेन्स खाते बघावे. एक निर्णय घ्यावा, एक वस्तू तिच्या जागी किंवा तिच्या माणसाकडे पोचवावी. दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. घरातल्या बाईचे एक काम आपल्या अंगावर घ्यावे आणि त्याचे बोलून दाखवू नये. आणि एवढे करूनही एखाद्या दिवशी नातवंडांनी सगळे घर उलटेपालटे केले तर त्यांच्यात जाऊन बसावे. त्या दिवशी तेच पारायण.

आपल्या दत्तमूर्तीकडे बघा. सहा हात आहेत आणि प्रत्येक हातात एकच वस्तू आहे. माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र. हातापेक्षा वस्तू जास्त नाहीत. आणि झोळी? ती भरते ती रिती होण्यासाठी. संसारी माणसाला झोळीइतके मोकळे होणे जमणार नाही, पण हातात मावेल तेवढेच धरणे आणि मागणाऱ्याला ते चटकन देता येईल असे धरणे, एवढे आपल्या आवाक्यातले आहे. ती बुद्धी श्रीदत्त महाराजांनी आपल्या सगळ्यांना द्यावी, हीच जयंतीच्या दिवशी त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥